पूर्वेच्या भिंतीवरचा महापुरुष

रविवारच्या सकाळी जर्मनीत दुकानं बंद असतात, रस्ते ओस असतात आणि शहाणी माणसं अंथरुणात असतात. पण जानेवारीतल्या त्या रविवारी गेर्लिंगेन गावापासून अर्ध्या तासावर, एका जंगलाच्या कडेला, गाड्यांची अशी रांग लागली होती की एखाद्या आमदाराच्या घरचं लग्नच असावं. उतरणारी मंडळी बहुतेक पुण्या-मुंबईकडची. कोणी ब्रेकचे सेन्सर बनवणारे, कोणी इंजिनांच्या चाचण्या घेणारे, कोणी डॉक्टरेट करणारे. आठवडाभर पुराव्याशिवाय एक स्क्रूसुद्धा पास न करणारी ही माणसं दाराशी बूट काढून आत शिरत होती आणि आत जाऊन एक नवलाची गोष्ट करत होती. समोर ओट्यावर बुद्धांची शांत, सोनेरी मूर्ती होती. तिच्याकडे पाठ करून सगळे दाराच्या बाजूच्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून बसत होते.

त्या भिंतीतून महापुरुष प्रकट होणार होता.

ही वास्तू म्हणजे उपसंपदागृह. भिक्खूंना जिथे रीतसर दीक्षा देतात ते घर. शंभरेक वर्षांपूर्वी एक जर्मन डॉक्टर सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, नोकरीनिमित्त राहिला. तिथलं असं एक घर त्याला इतकं आवडलं, की परतल्यावर त्यानं तिकडचे चित्रकार आणवून आपल्या जमिनीवर तसंच उभारलं. भोवती सीमेचे आठ दगड, वर उतरत्या छपरांचे थर, आत भिंतीभर चित्रं. तीन भिंती आजही बोलतात. राजपुत्राचा जन्म, घोड्यावरून घर सोडणं, पहिलं प्रवचन, सारं काही तिथे आहे. दाराची पूर्वेकडची भिंत तेवढी मुकी.

या वास्तूची देखरेख करणाऱ्या जर्मन बाई, फ्राऊ क्लिंगलर, दाराशी उभ्या राहून, येणाऱ्या प्रत्येकाला खिडक्या उघडा, हवा येऊ द्या, असं कळवळून सांगत होत्या. जर्मन माणूस देवाला एक वेळ विसरेल, पण दिवसातून तीनदा खिडक्या उघडून घर हवेशीर करायला विसरणार नाही. याला ते ल्युफ्टन म्हणतात, आणि ते भाड्याच्या करारातसुद्धा लिहिलेलं असतं. पण आत श्री तेजोबोधी यांचा हुकूम होता, की ऊर्जा बाहेर जाता कामा नये. खिडक्या बंद.

तेजोबोधी हे मूळचे नाशिकचे. आधी ते कंपन्यांमधल्या लोकांना यशस्वी कसं व्हावं हे शिकवायचे. पुढे यशस्वी व्हायचा सोपा मार्ग त्यांना स्वतःलाच सापडला. अंगात भगवं रेशीम, त्यावर पिसं भरलेलं गरम जाकीट, कानाला माइक. ते भिक्खू नव्हते, पण कोणी भन्ते म्हटलं तर नाहीही म्हणत नसत.

शेवटच्या रांगेत शोभनाबाई बसल्या होत्या. जालन्याजवळच्या एका शाळेत तीस-पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना विज्ञान शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर आता पहिल्यांदाच मुलाकडे जर्मनीला आल्या होत्या. घरात त्रिशरण-पंचशील ऐकत वाढलेल्या बाईंना, परदेशात बुद्धांचं इतकं सुंदर घर पाहायला मिळणार म्हणून आदल्या रात्री नीट झोपही लागली नव्हती. एका बाजूला मुलगा रुपेश, दुसऱ्या बाजूला सून ऊर्मिला, आणि मांडीला टेकून नऊ वर्षांची नात स्पृहा.

आत बर्फासारखा गारठा होता. तेजोबोधींनी शुक्रवारपासून हीटर बंद ठेवायला लावले होते. त्याला ते वास्तूची शीतसाधना म्हणत. मग भिंतीच्या पायथ्याशी तांब्याच्या दोन मोठ्या हंड्यांमध्ये तुळशीचा काढा उकळू लागला, धुपाचा लोट उठला आणि शंभरेक माणसांनी एका सुरात मंत्र धरला. तेजोबोधी मधूनमधून समजावत होते, की तुमच्या पेशींमध्ये सातवा प्रकाशस्तर असतो, तो जागा झाला की करुणेचे क्वांटम कण सुटतात आणि भिंतीतला महापुरुष त्यांना ओळखतो. समोर भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करणारी दोन मुलं बसली होती. त्यांनीही माना डोलावल्या.

आणि खरोखरच भिंतीवर काहीतरी उमटू लागलं.

आधी एक करडी सावली. मग मुकुटाचं टोक. मग रुंद खांदे, आणि उंच उचललेला एक हात. पाहता पाहता पांढऱ्या भिंतीत माणसाहून मोठी आकृती उभी राहिली. लोक रडू लागले, कोणी लोटांगण घातलं. खोटं कशाला बोला, शोभनाबाईंच्याही अंगावर काटा आला. हात जोडायला वर आलेसुद्धा. पण शिक्षकाच्या हातांना एक खोड असते. कशासाठी वर आलो, हे ते डोक्याला विचारून घेतात.

घरी परतताना रुपेश गाडीत भारावून बोलत होता. त्यानं पाच-सहा रविवार निरीक्षण केलं होतं. भक्त जितके जास्त, तितका महापुरुष ठळक. ज्या रविवारी हिमवर्षावामुळे फार कोणी आलं नाही, तेव्हा नुसता मुकुट दिसला. आणि मंडळी पांगल्यावर थोड्या वेळात तो अंतर्धान पावतो. म्हणजे आई, सामूहिक श्रद्धा मोजता येते, हे किती वैज्ञानिक आहे, असं त्याचं म्हणणं. ब्रेकच्या चाचणीत त्यानं असा निष्कर्ष काढला असता, तर साहेबानं त्याला दाराबाहेर काढलं असतं.

एवढ्यावर निभावलं असतं तर बाईंनी हसून सोडून दिलं असतं. पण पुढच्या रविवारी औषध-समर्पण होतं. ज्यानं त्यानं आपलं औषध महापुरुषाच्या पायाशी ठेवलेल्या पितळी परातीत टाकायचं आणि त्या दिवसापासून रोगमुक्त व्हायचं. पूर्वतयारी म्हणून आठवडाभर आधीच औषध थांबवायचं. स्पृहाला दमा होता. रोज सकाळ-संध्याकाळ छातीत ओढायचा स्प्रे ऊर्मिलेनं त्याच दिवशी कपाटात ठेवून दिला.

शोभनाबाईंनी विषय काढला तेव्हा ऊर्मिला ताटं मांडत होती.

"अहो आई, तुम्ही आठ दिवस बघताय. मी चार वर्षं बघतेय," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारलं, स्प्रे किती दिवस द्यायचा, तर म्हणतात, बघू. पुढच्या वेळी विचारलं, तर पुन्हा बघू. बरी होईल म्हणणारा हा एकच माणूस भेटलाय मला."

बाईंनी उरलेली ताटं स्वतः मांडली. ऊर्मिला मूर्ख नव्हती. थकलेली होती, आणि थकलेल्या माणसाला गिऱ्हाईक करणं सगळ्यांत सोपं असतं. रुपेशला मात्र त्यांनी चांगलं सुनावलं. त्यावर त्यानं, आई तू जुन्या काळातली आहेस, असं उत्तर दिलं. तेविसाव्या शतकातला असल्यासारखा.

बुधवारी दुपारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. स्वयंपाकघराच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. खिडकीशेजारच्या कोपऱ्यात बुरशीचा काळा डाग होता, आणि त्यावरून घरमालकाशी झालेलं भांडण रुपेशनं तिखटमीठ लावून सांगितलं होतं. मालकाचं म्हणणं एकच: तुम्ही भारतीय लोक तासन् तास शिजवता आणि खिडक्या उघडत नाही. वाफ जाणार कुठे? ती गार भिंतीवर जाऊन बसते.

शोभनाबाई त्या डागाकडे बघत राहिल्या. गार भिंत. वाफ. बंद खिडक्या. मग त्यांना शाळेची भिंत आठवली. पंधरा ऑगस्टच्या आधी मुलांना घेऊन त्या वर्गाला चुना मारायच्या. पहिला हात मारला की मुलं हमखास कुरकुरायची, बाई, खालचं सगळं दिसतंय, चुना बसतच नाहीये. जुना फळा, पुसट नकाशा, कोणाची तरी बदामात कोरलेली अक्षरं, सारं तसंच. आणि बाई हमखास म्हणायच्या, वाळू दे रे. ओला चुना आरपार दिसतो. वाळला की पांढरा होऊन सगळं झाकतो.

झाकतो. पण पुन्हा ओला झाला तर?

त्यांनी लागलीच स्पृहाला हाक मारली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. दोघी बसनं जाऊन चुन्याच्या रंगाचा छोटा डबा घेऊन आल्या. कुंडीखालची मातीची ताटली घेतली. स्पृहानं न पुसणाऱ्या काळ्या पेननं तिच्यावर मिशाळ मांजर काढलं. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि ताटली हीटरवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती शुभ्र पांढरी झाली होती. मांजराचा मागमूस नाही. मग बाईंनी ती बाल्कनीत गारठवली आणि उकळत्या किटलीच्या तोंडाशी धरली.

आधी करडी सावली. मग कान. मग मिशा.

स्पृहा डोळे विस्फारून बघत राहिली. ताटली सुकली, मांजर गेलं. "नोखमाल, आजी," ती म्हणाली, म्हणजे पुन्हा. पुन्हा वाफ, पुन्हा मांजर. चौथ्या वेळी तिनं मांजराला गंभीरपणे हात जोडले आणि स्वतःच इतकी हसली, की हसता हसता खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबेना. बाईंचं हसू मावळलं.

संध्याकाळी त्यांनी रुपेशला ताटली दाखवली.

"हिच्यावर तू चित्र काढलंस म्हणून दिसलं, आई. त्या भिंतीवर कोणी काढलंय?"

"बाकीच्या तीन भिंतींवर ज्यानं काढलंय त्यानं."

रुपेशनं ताटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली. पण शंका आली म्हणून लगेच कबूल करायला माणूस दहा वर्षांचा असावा लागतो. चाळिशीत अडचण होते. ताटली वेगळी आणि साधना वेगळी, असं काहीतरी पुटपुटून तो लॅपटॉपमध्ये शिरला. ऊर्मिलेनं ताटलीकडे पाहिलंच नाही. बाईंनी निमूटपणे, स्पृहाला अचानक धाप लागली तर द्यायचा दुसरा स्प्रे औषधांच्या डब्यातून काढून आपल्या पर्समध्ये टाकला.

रविवारी उपसंपदागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. हंडे उकळत होते. परातीत औषधं जमू लागली. रक्तदाबाच्या गोळ्या, इन्शुलिनची पेनं, थायरॉइडच्या बाटल्या. एखादं औषधांचं दुकान लुटून आणावं तशी ती परात दिसत होती. बाजूच्या भिंतींवरून रंगाच्या पापुद्र्यांचा चुरा खाली पडत होता, आणि फ्राऊ क्लिंगलर तो कागदावर हलक्या हातानं गोळा करत होत्या. शंभर वर्षं टिकलेला राजपुत्राचा घोडा एका हिवाळ्यातल्या भक्तीनं पोपडे धरू लागला होता.

ऊर्मिलेनं परातीत स्प्रे ठेवला. मंत्र चढत गेला. भिंतीवर मुकुट आला, खांदे आले, हात आला. तेजोबोधी डोळे मिटून म्हणाले, "पाहा, तो आशीर्वाद देतोय. ज्याला श्वास हवा त्याला श्वास."

आणि शोभनाबाईंच्या मांडीला टेकलेल्या स्पृहाला श्वास येईना.

आधी ती नुसती खोकली. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, खांदे वर-खाली होऊ लागले. धूप, वाफ आणि आठवडाभर न घेतलेलं औषध, सगळं एकदम अंगावर आलं होतं. कोणीतरी भक्तिभावानं म्हणालं, बघा, तिच्यातून रोग बाहेर पडतोय. बाईंनी त्या गृहस्थाकडे असं पाहिलं, की गृहपाठ न केलेल्या मुलासारखी त्याची मान खाली गेली. त्यांनी पर्समधला स्प्रे काढून स्पृहाच्या तोंडाशी धरला, ती शिकल्याप्रमाणे ओढू लागली. मग बाई उठल्या आणि लोकांच्या डोक्यांवरून वाट काढत एकामागून एक खिडक्या सताड उघडू लागल्या. दुसऱ्या टोकापासून फ्राऊ क्लिंगलर उघडत आल्या. जानेवारीचा कोरडा वारा आत घुसला. बाईंनी जाता जाता दोन्ही हंड्यांखालची आचही बंद केली आणि ऊर्मिलेला सांगितलं, हिला बाहेर पायरीवर ने, जॅकेट घाल, मी आलेच. तिथे नेल्यावर पोरीचा श्वास हळूहळू मोकळा झाला.

इकडे मंत्र चालूच होता. कोणी थांबवला नव्हता. पण भिंतीवरचा हात विरत चालला. खांदे गेले. शेवटी मुकुटही गेला, आणि भिंत धुतल्यासारखी कोरी झाली.

"एका नास्तिक स्पर्शानं ऊर्जा भंगली," तेजोबोधी माइकवर म्हणाले. "माताजी, तुम्ही महापुरुषाला घालवलंत."

"घालवलं असेल तर परत बोलावते," शोभनाबाई म्हणाल्या. "रुपेश, तुमच्या चाचणीत काय करतात रे? एका वेळी किती गोष्टी बदलतात?"

रुपेश स्पृहाला बाहेर ऊर्मिलेपाशी बसवून नुकताच आत आला होता. तो सवयीनं बोलून गेला, "एकच."

"मग तसंच करू. महाराज, खिडक्या अशाच उघड्या राहू देत. सगळे इथेच बसतील, तुम्ही मंत्र म्हणा. श्रद्धा आहे, मंत्र आहे, तुम्ही आहात. फक्त वाफ नाही."

नाही म्हणायची सोय नव्हती, कारण समोर सगळे इंजिनिअर एकदम ताठ बसले होते. त्यांना कळेल अशा भाषेत पहिल्यांदाच कोणी बोललं होतं. तेजोबोधींनी मंत्र म्हटला. मोठ्यानं म्हटला, डोळे मिटून म्हटला, शेवटी हात वर करून म्हटला. भिंतीनं ओळख दिली नाही. ग्रह, पृथ्वीची स्पंदनं, जर्मन वातावरणातला संशय, असं एकेक कारण ते सांगत गेले.

"आता उलटं करू," बाई म्हणाल्या. त्यांनी सुदृढ मुलांना पुढे बसवलं, मोठ्यांना मागे, खिडक्या लावून घेतल्या आणि हंड्यांखालची आच पुन्हा मोठी केली. धूप मात्र बाहेर नेऊन विझवला. तेजोबोधींना विनंती केली, की आपण कृपा करून काही म्हणू नका, सातवा स्तर झोपलेला राहू द्या. मग मुलांना विचारलं, पाढे कोणाकोणाला येतात?

आणि त्या ऐतिहासिक दीक्षागृहात, कोणी मराठीत, कोणी जर्मनमध्ये, मुलांनी बेंबीच्या देठापासून पाढे सुरू केले. बे एके बे, बे दुणे चार. मागून आईबाप आधी संकोचानं, मग जोरात साथ करू लागले. हंडे उकळत होते. काचा धुरकटल्या. सातच्या पाढ्याशी जर्मनवाले आणि मराठीवाले वेगवेगळ्या वाटांनी गेले, आठच्या पाढ्याला पुन्हा भेटले, आणि तिथे भिंतीवर मुकुट उगवला. नवाच्या पाढ्याला महापुरुषानं हात उचलला.

हसू आधी मुलांना फुटलं. मग ते मागे पसरत गेलं.

"म्हणजे तो गणिताचा देव आहे," कोणीतरी म्हणालं.

"देव नाही, चित्र आहे," बाई म्हणाल्या, आणि आवाज जरा खाली आणून वर्गात सांगायच्या तसं सांगू लागल्या. भिंतीवर जुनं चित्र आहे. त्यावर चुन्याचा हात आहे. रुपेशनं जर्मनमध्ये समजावल्यावर फ्राऊ क्लिंगलरांनी पुस्ती जोडली, की युद्धानंतर गावानं इथे बटाटे साठवले, मुलं या भिंतीला घाबरायची म्हणून कोणीतरी चुना फासला, असं त्यांची आई सांगायची. बाई पुढे म्हणाल्या, कोरडा चुना झाकतो, ओला दाखवतो. भिंत गार ठेवायची, माणसं कोंबायची, काढा उकळायचा, खिडक्या लावायच्या. आपल्याच श्वासातलं पाणी भिंतीवर बसतं. माणसं जास्त तर पाणी जास्त, आणि चित्र ठळक. घरमालक आपल्याला रोज हेच ओरडून सांगतो, पण तो भगवं नेसत नाही म्हणून आपण ऐकत नाही.

"महाराज, हीटर शुक्रवारपासून का बंद ठेवायला लावता?" त्यांनी विचारलं.

तेजोबोधींनी शीतसाधनेबद्दल दोन वाक्यं म्हटली. तिसरं सुचलं नाही.

भिंत एव्हाना कधी नव्हे इतकी भिजली होती, आणि चित्र खाली खाली उमटत चाललं होतं. त्या महापुरुषाला एक नाही, पुष्कळ हात निघाले. प्रत्येक हातात भाला, परशू, गदा. खाली हत्तीचे सुळे दिसले. बाई दोन पावलं पुढे गेल्या आणि मागे वळून मूर्तीकडे व परत भिंतीकडे पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे, हा तर मार आहे. बुद्धांना झाडाखालून उठवायला सैन्य घेऊन आलेला. भीती दाखवणारा, भुरळ घालणारा. बुद्धांच्या समोरच्या भिंतीवर त्याला काढायचा तिकडे रिवाज आहे. आणि चमत्कार करून लोकांना भुलवणाऱ्या भिक्खूंना ज्या बुद्धांनी खडसावलं, त्यांच्याकडे पाठ करून आपण इतके रविवार याच्या पाया पडतोय."

सभागृहात बसलेल्यांच्या नजरा मागे गेल्या. मग एकेक माणूस बसल्या जागी बुद्धांच्या मूर्तीकडे वळला. तेवढ्यात पिसांचं जाकीट मागच्या दारानं बाहेर पडलं. हल्ली तेजोबोधी बर्लिनला असतात म्हणे. तिथे नव्या उद्योगांना वाव आहे.

ऊर्मिला दारात उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. ती सरळ परातीपाशी आली, खाली बसली आणि इतरांच्या डब्या-बाटल्या बाजूला सारत स्पृहाचा स्प्रे शोधू लागली. तिचं पाहून आणखी एक जण आला, मग आणखी. थोड्याच वेळात परातीभोवती अशी गर्दी झाली, की प्रत्येक जण आपली गोळी ओळखतोय आणि शेजाऱ्याची चुकून उचलतोय. फ्राऊ क्लिंगलर पुन्हा खिडक्या उघडत होत्या. या वेळी त्यांना मदतीला पुष्कळ हात होते.

स्पृहाला घरच्यांनी तिथूनच थेट डॉक्टरांकडे नेलं. रविवारचं तातडीचं केंद्र, लांब रांग. स्पृहा बाबाच्या खांद्यावर झोपली होती, श्वास एकसारखा चालू होता. ऊर्मिलेनं विचारलं, "आई, हिला हे आयुष्यभर घ्यावं लागेल का हो?"

"मला माहीत नाही गं," शोभनाबाई म्हणाल्या. "आत गेल्यावर विचारू. कदाचित त्यांनाही माहीत नसेल, आणि नसेल तर ते तसं सांगतील. तेव्हा राग येतो, मलाही येतो. पण माहीत नाही म्हणणाऱ्याला उद्या काही नवं कळू शकतं. ज्याला सगळंच माहीत आहे, त्याला काय कळणार?"

ऊर्मिलेनं मान हलवली. त्यांचा क्रमांक आला तशी ती उठली, आणि डॉक्टरांना काय काय विचारायचं ते मनाशी घोळवत आत गेली.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, डोळ्यांना दिसलेलं खोटं नसतं, पण त्याचं कारण कोणी दुसऱ्यानं सांगितलं म्हणून खरं होत नाही. कारण आपण शोधायचं. शोधू न देणाऱ्याजवळ बसायचं नाही, आणि कोणाच्याही शब्दावर औषध तर मुळीच सोडायचं नाही.